पन्नास पावलांची पुळण

मॉरिशसला जाऊन आलेल्या मराठी माणसाचा लेख बहुधा दोन खोल्यांच्या घरासारखा असतो. पुढच्या खोलीत समुद्र: निळ्याच्या नाना छटा, पिठासारखी वाळू, काचेच्या तळाची बोट, शहाळे. मागच्या खोलीत इतिहास: डच आले, डोडो संपला, फ्रेंच आले, मग इंग्रज आले, आणि मग आपली माणसे ऊस तोडायला आली. दोन्ही खोल्या नीट झाडलेल्या असतात. मधे दार मात्र नसते.

गेली पंधरा-सोळा वर्षे मी अशी कात्रणे जमवतो आहे. दिवाळी अंक, रविवारच्या पुरवण्या, सहल कंपन्यांची चकचकीत पत्रके, निवृत्तीनंतर स्वखर्चाने छापलेली प्रवासवर्णने असे काहीही. मी मूळचा दक्षिण कोकणचा. माझ्याकडच्या लोकांपैकी काही जण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्या बेटावर गेले, एवढीच या छंदाची सुरुवात. पुढे दोन वर्षांपूर्वी अकरा दिवस तिथे राहता आले. या लेखांबद्दल माझी तक्रार भाषेची नाही. त्यातले काही फार गोड आहेत. तक्रार एवढीच की, पुळणीला इतिहास नसतो असे ते सगळे धरून चालतात, आणि बंदराच्या शहराला समुद्राशी काही देणेघेणे नाही असेही. माझ्या मते बरोबर उलटे आहे. त्या बेटावरची सगळ्यांत नवी, सगळ्यांत मेहनतीने घडवलेली वास्तू कोणती असेल तर ती पुळण.

सुरुवात एका अवतरणापासून करू, कारण ते टाळून मॉरिशसवर लेख लिहिणे मराठीत जवळजवळ अशक्य झाले आहे. मार्क ट्वेनने म्हणे या बेटाला स्वर्गाचा मूळ नमुना म्हटले. पत्रकांत ते असते, हॉटेलच्या भिंतीवर असते, आणि तिथून आमच्या लेखांत उतरते. ट्वेन एप्रिल १८९६ मध्ये तिथे गेला खरा. त्याआधी जानेवारीत तो मुंबईत होता. पण १८९७ साली निघालेल्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या पुस्तकात ते मत तो स्वतःचे म्हणून देतच नाही. बेटावरचा एक नागरिक असे सांगतो, एवढेच तो म्हणतो, आणि लगेच दुसऱ्या नागरिकाला उभे करतो. हा दुसरा म्हणतो की ही अतिशयोक्ती झाली. पोर्ट लुईत नाइलाज असल्याशिवाय कोणी राहत नाही, आणि क्यूरपिपमध्ये पावसाला खळ नसतो. ट्वेनची ही नेहमीची लकब. एक फुगा फुगवायचा आणि दुसऱ्या हाताने टाचणी लावायची. जाहिरातवाल्यांनी फुगा ठेवला, टाचणी फेकून दिली. त्यांचा धंदाच तो. पण पुस्तक ग्रंथालयात मिळत असताना अभ्यासू म्हणवणाऱ्या लेखकांनीही फुगाच उचलावा, याचे मला वाईट वाटते.

कारण खरा इतिहास त्या दुसऱ्या नागरिकाच्या बोलण्यात आहे. पोर्ट लुईत नाइलाजाने राहायचे, ते का? १८६६ ते १८६८ या काळात बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली. सखल किनारपट्टीत माणसे हजारोंनी मेली. बंदराचे शहर तर ओस पडल्यासारखे झाले. ज्यांना शक्य होते त्यांनी घरे-दारे उचलून उंचावरच्या पठारावर नेली. क्यूरपिप हे पावसाळी, धुक्याचे, थंडगार गाव वाढले ते या पळालेल्या माणसांमुळे. म्हणजे ट्वेन आला तेव्हा त्या बेटावरच्या शहाण्या माणसाच्या लेखी किनारा ही राहण्याची जागा नव्हतीच. तो डासांचा, तापाचा मुलूख होता. श्रीमंतांची समुद्रकाठी घरे असत. त्यांना ‘कांपमाँ’ म्हणतात, म्हणजे शब्दशः तळ, छावणी. थंडीच्या दिवसांत चार आठवडे जाऊन राहायचे आणि परत वर यायचे, असा तो मामला.

१८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू ज्याने दाखवून दिला, त्या रोनाल्ड रॉसलाच ब्रिटिश वसाहत खात्याने १९०७ मध्ये मॉरिशसला पाठवले. त्याने काही महिने राहून अहवाल लिहिला. पाणथळी बुजवा, ओहोळांना वाट करून द्या, अशा शिफारशी केल्या. तरी ताप हटला नाही. हटला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ पासून डीडीटीची पद्धतशीर फवारणी झाल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने बेटाला हिवतापमुक्त ठरवले ते १९७३ साली. आता या सनावळीशेजारी दुसरी ठेवून पाहा. १९६८ च्या १२ मार्चला देश स्वतंत्र झाला आणि सत्तरच्या दशकात समुद्रकाठच्या हॉटेलांची रांग लागू लागली. परदेशी माणसाने उघड्या अंगाने संध्याकाळी वाळूत पडून राहावे, ही गोष्ट त्या किनाऱ्यावर निर्धोक होऊन तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस वर्षे झाली होती. ‘अनादि काळापासून जसाच्या तसा’ असे ज्या किनाऱ्याचे वर्णन माझ्या कात्रणांत निदान सात ठिकाणी आहे, तो अशा रीतीने माझ्याहून फार मोठा नाही. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे.

याच पुळणीवरची झाडे घ्या. लेखांत त्यांना ‘पाइन’ म्हणतात, कोणी ‘देवदारासारखी’ म्हणतो. ती आपली सुरूची झाडे आहेत. तिथे त्यांना फिलाओ म्हणतात. शिरोड्याला, आरवलीला ज्याने सुरूच्या बनातून वाऱ्याचा आवाज ऐकला आहे, त्याला फ्लिक-आँ-फ्लाकच्या पुळणीवर डोळे मिटून उभे केले तर आपण कुठे आहोत ते सांगता येणार नाही. पण सुरू ना त्यांचा ना आपला. दोन्हीकडे तो बाहेरून आणून लावला, वारा आणि वाळू अडवायला, सरपणाला. त्याच्या पडलेल्या काड्यांच्या जाड थराखाली दुसरे फारसे उगवत नाही, आणि लाटांनी मुळाखालची वाळू नेली की तो मुळासकट उलथतो. किनाऱ्यावरची मूळची झुडपे आणि वेली पुन्हा लावण्याचे प्रयत्न आता तिथे चालू आहेत. ज्या सावलीत बसून निसर्गाच्या कुशीत गेल्यासारखे वाटते ती सावलीही अशी पेरलेली आहे.

वाळूचीही तीच कथा. बेट ज्वालामुखीचे, दगड काळा. पांढरी वाळू येते ती प्रवाळाच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्यातून. बेटाला बऱ्याच भागात प्रवाळाच्या भिंतीचा वेढा आहे, त्याच्या आतले उथळ, शांत पाणी म्हणजे लगून. या प्रवाळाला दीर्घकाळ एकच किंमत होती, ती चुन्याची. किनाऱ्यावर ठिकठिकाणी चुन्याच्या भट्ट्या होत्या. प्रवाळ भाजून चुना काढायचा. हा चुना दोन ठिकाणी जाई. एक, बांधकामात, पोर्ट लुईतल्या जुन्या काळ्या दगडी भिंतींचे सांधे त्यानेच धरले आहेत. दुसरा उपयोग आपल्या गुऱ्हाळवाल्याला सांगावा लागणार नाही: उसाच्या रसाची मळी काढायला चुना लागतो. म्हणजे ज्याला आपण एका बाजूला ‘सागरकिनारा’, दुसऱ्या बाजूला ‘वसाहतकालीन नगर’ आणि तिसऱ्या बाजूला ‘उसाचे मळे’ म्हणून तीन वेगळ्या परिच्छेदांत टाकतो, ती एकाच भट्टीची तीन तोंडे आहेत. पुढे सिमेंट आले तरी वाळू काढणे चालूच राहिले. लगूनमधून होड्या भरभरून वाळू उपसली जाई. तिच्यावर बंदी आली २००१ साली.

आता लेखाच्या शीर्षकाकडे येतो. मॉरिशसच्या कायद्यात ‘पा जेओमेत्रिक’ नावाची एक चीज आहे, म्हणजे मोजणीची पावले. फ्रेंच अमदानीत राजाने किनाऱ्यालगतची पन्नास पावलांची पट्टी स्वतःकडे राखून ठेवली होती. तोफा बसवायला, फौजेला हालचाल करायला, शत्रू उतरला तर त्याला अडवायला. हे पाऊल माणसाचे नव्हे. ते पाच फ्रेंच फुटांचे ठरवलेले माप. पन्नास पावले म्हणजे अडीचशे फूट, आजच्या मापात ८१.२१ मीटर. इंग्रज आले, त्यांनी ही पट्टी तशीच ठेवली, १८९५ साली तिचा कायदा केला. इंग्रज गेले, तरी भरतीच्या रेषेपासून आत ८१.२१ मीटर हा आकडा, दशांशासकट, राहिला. ही पट्टी सरकारची. ती विकता येत नाही. पण भाडेपट्ट्याने देता येते. आणि इथेच सगळी मेख आहे. कांपमाँ या पट्टीवर आहेत, मोठमोठी हॉटेलेही बहुतांशी या पट्टीवर आहेत. भरतीच्या रेषेच्या खालची ओली वाळू मात्र सगळ्यांची. म्हणजे हॉटेलच्या समोरून चालत जायला कोणी मनाई करू शकत नाही, पण तिथे पोचायला जी वाट लागते ती कुणाच्या तरी पट्ट्यातून जाते.

अकरा दिवसांत मी ही वाट पुष्कळ ठिकाणी शोधली. कुठे ती दोन कुंपणांमधली हातभर रुंद गल्ली होती, कुठे नव्हतीच. एका ठिकाणी पहारेकऱ्याने मला अदबीने खोलीचा क्रमांक विचारला. मी ओल्या वाळूवर उभा होतो. त्याला तसे सांगितले. तो हसला आणि बाजूला झाला. त्याला कायदा माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. आमच्या प्रवासलेखकाला तो ठाऊक नसतो, कारण त्याच्याजवळ खोलीचा क्रमांक असतो.

तिथल्या माणसांना मात्र हे पन्नास पावलांचे गणित पाठ आहे. गेल्या दशकात ‘आरेत कोके नू लाप्लाज’ या क्रेओल घोषणेखाली एक चळवळच उभी राहिली; अर्थ असा, की आमच्या पुळणी चोरणे थांबवा. दक्षिण किनाऱ्यावर पोंपोनेत नावाची सार्वजनिक पुळण आहे. ती सार्वजनिक यादीतून काढून हॉटेलसाठी देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा लोक कुंपणाशी जाऊन उभे राहिले, आणि अखेर तो करार रद्द झाला. या काळात मॉरिशसवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. २०१९ साली तिथे १३ लाख ८० हजारांहून अधिक पर्यटक गेले, देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. त्यांत आपले नवपरिणीत आणि आपले लेखकही होते. माझ्या कात्रणांत पोंपोनेतचे नाव एकदाही नाही.

‘पण प्रवासवर्णन म्हणजे काही चळवळीचा अहवाल नव्हे,’ असा आक्षेप माझ्या एका मित्राने घेतला. मान्य आहे. समुद्र पाहून आनंद होणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही, मलाही झाला. मुद्दा असा, की चांगल्या प्रवाशाला दोन्ही दिसते. १८३६ च्या एप्रिलअखेर चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावरून पोर्ट लुईला उतरला. तोही देखाव्याने हरखला, डोंगर चढला, शहरातल्या पुस्तकांच्या दुकानांचे त्याने कौतुक केले, बेटावरच्या एकुलत्या एका हत्तीवर बसून फिरला. अगदी पर्यटक. पण त्याच पानांत तो रस्त्यावर काम करणाऱ्या हिंदुस्थानी कैद्यांपाशी थबकतो. तेव्हा असे सुमारे आठशे कैदी तिथे होते. बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून १८१५ पासून त्यांना पाठवले जात होते, आणि बेटाचे रस्ते त्यांच्या हातून होत होते. डार्विनला त्यांचे चेहरे रुबाबदार वाटले. रस्ता चांगला आहे हे पाहणारा आणि तो कोण बांधतो हे पाहणारा असा एकच डोळा त्याच्याजवळ होता. मुंबई इलाख्यातले ते कैदी कोण, हा प्रश्न मराठी लेखकाला पडायला हवा होता. ते कराराच्या मजुरांच्याही आधी गेलेले आपले लोक आहेत. पण कैदी पूर्वज म्हणून मिरवता येत नाही, त्यामुळे त्यांच्यावर फारसे कोणी लिहीत नाही.

स्वर्ग कसा रचला जातो याचा सगळ्यांत स्पष्ट नमुना एका फ्रेंच लेखकाकडे मिळतो. बर्नार्दँ द सँ-प्येर तिथे अभियंता म्हणून राहून गेला. त्याने बेटावर दोन पुस्तके लिहिली. १७७३ च्या प्रवासवर्णनात त्याने गुलामांना मिळणारी वागणूक संतापाने नोंदवली. पुढे १७८८ मध्ये त्याची ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही प्रेमकथा आली आणि युरोपभर गाजली. तिच्यात ओढे, केळी, निष्पाप मुले आहेत, आणि १७४४ साली बेटाच्या किनाऱ्याशी खरोखर बुडालेल्या ‘सँ-जेराँ’ जहाजाची आठवण आहे. गुलाम त्या कथेतही आहेत. पण नायक-नायिकेच्या घरचे गुलाम प्रेमळ आणि समाधानी आहेत. क्रूर मालक शेजारी, दुसरीकडे. माझ्या दृष्टीने ही कादंबरी वाईट नाही, पण लबाड आहे. तिने काहीच लपवले नाही, फक्त अंतरावर ठेवले. पुढे सव्वादोनशे वर्षे लिहिल्या गेलेल्या बेटवर्णनांनी तिच्याकडूनच ही युक्ती घेतली. संतापाचे पुस्तक मागे पडले, गोड पुस्तक तरले.

प्रॉस्पेर देपिने या मॉरिशसच्याच शिल्पकाराने केलेला पॉल-व्हर्जिनीचा संगमरवरी पुतळा आज पोर्ट लुईच्या ब्लू पेनी संग्रहालयात आहे. तिथेच १८४७ ची ती प्रसिद्ध तिकिटे आहेत, ज्यांच्यावर उजेड तासातून काही मिनिटेच सोडतात. हे संग्रहालय कोदाँ नावाच्या धक्क्यावर आहे. जुन्या गोद्या आणि इमारती रंगवून तिथे दुकाने, उपाहारगृहे थाटली आहेत. सहलीच्या बसेस तिथे दीड-दोन तास थांबतात. तिथून चालत थोड्याच मिनिटांवर आप्रवासी घाट आहे. त्याला अर्धा तास मिळाला तर पुष्कळ.

आप्रवासी घाट म्हणजे कराराचे मजूर उतरवून घेण्याचे ठाणे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून पहिले छत्तीस जण आले. मजुरांच्या गोदीची ही जागा १८४९ पासूनची. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसे हिंदुस्थानातून या बेटावर आली; काही इथे राहिली, काही पुढच्या वसाहतींत पाठवली गेली. २००६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आज जे उरले आहे ते मूळ संकुलाच्या साधारण पंधरा टक्के, क्षेत्र १६४० चौरस मीटर. बाकीचे मोडले, बुजले, आणि एक मोठा भाग हमरस्त्याखाली गेला. घाटाच्या त्या पायऱ्या चढताना मागे सतत गाड्यांचा आवाज असतो. वसाहतीचे जे शोभिवंत होते, त्याचे जतन होऊन दुकान झाले. जे कष्टाचे होते त्यावरून रस्ता गेला.

इथे आमच्या लेखांत दुसरा दोष शिरतो, आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त बोचतो. इतका वेळ इतिहासाकडे पाठ करून बसलेला लेखक त्या पायऱ्यांवर एकदम गहिवरतो. ‘आपली माणसे’, ‘आपल्या माणसांचा घाम’, ‘आपली संस्कृती जपली’. गहिवर खोटा नसतो. मुंबई बंदरातून गेलेल्यांत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासकट, पुष्कळ माणसे होती. त्यांची वस्ती पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हरच्या बाजूला, कास्काव्हेल वगैरे गावांत आजही आहे. मराठी शाळांत शिकवली जाते, गणेशचतुर्थीला देशाला सुट्टी असते, आणि तेव्हा जो फेर धरून नाच होतो त्याला तिथे झाकरी म्हणतात. आपली जाखडीच ती. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण. नाव कारकुनाला ऐकू आले तसे लिहिलेले. बापाचे ‘जी’कारान्त नाव पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसले, म्हणून मॉरिशसच्या मराठी माणसाचे आडनाव ऐकताना आपल्याला कोणी आजोबांना हाक मारतो आहे असा भास होतो. हे सगळे लिहिण्यासारखेच आहे.

पण घाटावर गहिवरणारा लेखक एक गोष्ट विसरतो. हे मजूर आले ते रिकाम्या जागी नव्हे. १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामी रद्द झाली. मळेवाल्यांना त्यांच्या ‘मालमत्ते’पोटी वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली, गुलामांना काही नाही. त्यांच्या जागी स्वस्त हात हवे होते, म्हणून आपले लोक आणले गेले. सुटलेल्या गुलामांपैकी बरेच मळे सोडून समुद्राकडे सरकले, मासेमारीवर जगू लागले. आज ज्यांना क्रेओल म्हणतात, त्यांच्यातले कित्येक या किनारी वस्त्यांचे वारस. म्हणजे पुळणीचा मानवी इतिहास प्रामुख्याने त्यांचा आहे, आपला नव्हे. आपल्या लेखांत क्रेओल माणूस एकदाच येतो: हॉटेलच्या हिरवळीवर, रात्री, सेगा नाचताना. सेगा गुलामांच्या वस्तीत जन्मला. २०१४ साली तोही युनेस्कोच्या यादीत आला. जेवणानंतरचा कार्यक्रम म्हणूनच तो आपल्याला भेटतो.

ल मोर्न हा नैर्ऋत्य टोकाचा प्रचंड कडा. पळालेले गुलाम त्याच्यावर आसरा घेत. त्यांना पकडायला शिपाई येताहेत असे समजून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, आणि शिपाई आले होते ते मुक्तीची बातमी सांगायला, अशी लोककथा आहे. २००८ साली हाही जागतिक वारसा झाला. पायथ्याशी बेटावरची काही सर्वांत महाग हॉटेले आहेत. आमच्या लेखात ल मोर्न ‘सूर्यास्तासाठी अप्रतिम’ असतो. घाटावर डोळ्यांत पाणी आणि ल मोर्नला कॅमेरा, हा फरक कुठून येतो, हे प्रत्येकाने आपापले पाहावे. मला तो जातीच्या हिशेबासारखा वाटतो, आणि तो हिशेब आपण बोटीत बरोबर घेऊन गेलो होतो.

आग्नेयेचे माएबूर हे गाव मला पोर्ट लुईपेक्षा आवडले. १८१० च्या ऑगस्टमध्ये या उपसागरात फ्रेंचांनी इंग्रज आरमाराला हरवले. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला हा एकच नाविक विजय. त्याच डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतले ते वेगळे. दोन्हीकडचे जखमी सेनापती एकाच घरात उपचार घेत होते, त्या घरात आता संग्रहालय आहे. पत्रके इथे थांबतात. पण २५ जुलै २०२० ला ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज याच किनाऱ्याबाहेरच्या प्रवाळावर चढले आणि पुढे सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये सांडले. तेव्हा माएबूरच्या लोकांनी सरकारची वाट न पाहता पोत्यांत उसाची पाने भरून लांबच लांब माळा शिवल्या आणि त्या पाण्यात सोडून तेल अडवले. ज्या उसासाठी ही सगळी माणसे आणली गेली, त्याचा पाला लगून वाचवायला घेऊन ती सगळी तिथे उभी होती, हिंदुस्थानी वंशाची, क्रेओल, सगळी. त्या दिवसांवर मराठीत एखादा प्रवासलेख असेल तर मला वाचायचा आहे.

शब्दांबद्दल थोडे. या लेखांतून सर्रास ‘बीच’ असतो. आपल्याकडे पुळण आहे, वेळ आहे. वेळास, वेळणेश्वर, वेळागर या गावांच्या नावांत तो शब्द अजून जिवंत आहे. पुळणीवर रापण ओढतात, मासळी सुकवतात, होडी डागडुजीला काढतात. बीचवर यातले काही होत नाही. तिथे खुर्ची टाकतात. शब्द बदलला की जागेवरचे काम दिसेनासे होते, आणि काम दिसेनासे झाले की हक्कही. ज्या लेखांनी मॉरिशसच्या पुळणीचा बीच केला, त्याच भाषेत आता तारकर्ली आणि भोगवे विकले जातात. वेंगुर्ल्याची डच वखार मोडकळीला आली आहे. ज्या डच कंपनीने १५९८ साली मॉरिशसला ते नाव देणाऱ्या खलाशांच्या पाठोपाठ तिथे वसाहत केली, तिचीच ही वखार. सिंधुदुर्गावर लिहिणारा पुढच्या परिच्छेदात समुद्राकडे वळतो आणि वखार मागच्या खोलीत राहते, नेमकी मॉरिशससारखी.

आपल्याकडचीही पावले मोजायला हरकत नाही. १९ फेब्रुवारी १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरची पट्टी नियंत्रणाखाली आणली. ग्रामीण किनाऱ्यावर त्यातले पहिले २०० मीटर बांधकामाला बंद. २०१९ च्या सुधारित अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक माणसे असतील तिथे, ही बंद पट्टी ५० मीटरवर आणली. फ्रेंच राजाच्या पट्टीहून ३१ मीटरने कमी. अधिसूचनेसोबतचे नकाशे जिल्हा कार्यालयात पाहायला मिळतात. भरतीची रेषा त्यावर निळ्या शाईने आखलेली असते. मी आमच्या गावचा नकाशा पाहून आलो आहे. रेषा रापणकरांच्या खोपींच्या पुढून जाते की मागून, हे त्या प्रमाणाच्या नकाशावर भिंग लावूनही ठरत नाही, म्हणून येत्या फेब्रुवारीत अमावास्येच्या भरतीला आम्ही चारजण टेप घेऊन जाणार आहोत.